सज्जातला नकार

ट्रंकेतून कोट काढला, की डांबरगोळ्यांच्या वासासोबत ते नागपूरचं हिवाळी अधिवेशन परत येतं. मी सभागृहात लघुलिपी लिहीत होतो. धरणाचं विधेयक मताला आलं. अध्यक्षांनी सवयीनं विचारलं, विरोधात असतील त्यांनी नाही म्हणावं. विरोधी बाकंही गप्प होती. तेवढ्यात वर प्रेक्षकांच्या सज्जातली एक म्हातारी उभी राहिली आणि स्पष्ट म्हणाली, "नाही." शिपायानं तिचा दंड धरला. "गाव आमचं बुडते. अन् त्यायनंच विचारलं ना गा, मंग मले काहून नेऊन राहिला?" सज्जातला आवाज नोंदवायचा नसतो. मी लिहिलं, विधेयक एकमताने मंजूर. आता निवृत्त होऊनही बोटं कधीकधी मांडीवर तिच्या त्या एका शब्दाची खूण काढत राहतात.