जिवंत माणसाचं चित्र

धावड्याला, आमच्या गावी, घराच्या भिंतीवर मी कोळशानं पहिला बैल काढला, तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हतो. शेतावरून आल्याआल्या वडिलांनी तो ओळखला. "हा तर आपला डाव्या अंगाचा," म्हणाले. दिवाळीला आईनं सगळी भिंत सारवली आणि बैलापुरती जागा तेवढी सोडली. त्यानंतर मी आयुष्यभर चित्रकला शिकलो, आणि तसा बैल मला पुन्हा जमला नाही.

शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा झाल्या. पुढं चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं, पण घरच्यांना वाटलं, चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय? मग मी जालन्यात मस्तगडला एका म्हाताऱ्या पेंटरच्या हाताखाली लागलो. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. पाट्या, नंबर प्लेटा सगळं करायचे, पण खरं काम मेलेल्यांच्या तसबिरींचं. तेराव्याच्या आत घरच्यांना भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा असायचा, आणि माणसाचा फोटो म्हणजे रेशनकार्डावरचा, नाहीतर लग्नाच्या घोळक्यातला नखाएवढा. त्यावर बारीक चौकटी आखायच्या, कागदावर मोठ्या आखायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायची. मी चेहऱ्याकडं बघत बसलो की उस्ताद ओरडायचे, "चेहरा नक्को देख रे, डब्बा देख!"

डबा बघायला मी शिकलो. नातेवाइकांचं ऐकायलाही शिकलो. मान सरळ करा, सुरकुत्या काढून टाका, अहेव गेली, कुंकू मोठं दाखवा. डोळ्यांत दोन पांढरे ठिपके ठेवले की नजर समोर लागते, असं उस्तादांनी सांगितलं होतं. ती नजर कुणाकडंच बघत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तोवर जिल्ह्यातल्या किती भिंतींवरून माझीच नजर हार घालून बघत होती, देव जाणे.

उस्ताद गेले. त्यांची तसबीरही मीच केली, चौकटी आखून. दुकान माझ्याकडं आलं, पाट्यांचं काम फ्लेक्सनं खाल्लं, तसबिरी थोड्याफार राहिल्या. मला मात्र एकच ध्यास लागला होता, एकदा तरी जिवंत माणूस जिवंत काढायचा. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मी नव्यानं शिकायला लागलो. बसस्टँडवर जाऊन बसायचो. तंबाखू मळणारा म्हातारा काढायचो, लेकराला दटावणारी बाई काढायचो. घरी येऊन वही उघडली की सगळे मयताला बसल्यासारखे दिसायचे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मला तर खोडच मेलेल्यांनी लावली होती.

मग डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आई जालन्याला आली आणि राहिली. दुपारी दुकानात येऊन मागं ज्वारी निवडत बसायची. निवडता निवडता गावच्या कुणाचं तरी काहीतरी सांगायची आणि हसली की पडलेला दात दिसू नये म्हणून पदर तोंडावर धरायची. मला तेच काढायचं होतं, पदर वर जायच्या आधीचं हसू. एवढं जमलं तर बाकीचं सगळं माफ, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

"काय करून राह्यला रे?" ती विचारायची.

"तुझं चित्र."

"मंग नीट बसू का?"

"नको. तू आपली बोलत राहा."

किती कागद फाडले, मोजले नाहीत. आईच्या चेहऱ्यावर चौकटी नव्हत्या. शेवटी एक चित्र जमलं असं वाटलं. नाक तिचं, ओठाची कड तिची, हसूही होतं. मी ते समोरच्या भिंतीला टेकवून ठेवलं. कितीतरी वर्षांनी मला भूक लागल्यासारखी भूक लागली.

त्याच दुपारी आमच्या गावचा एक जण त्याच्या वडिलांची तसबीर सांगायला आला. चित्र दिसताच तो दारात थबकला. पायातल्या चपला काढल्या, हात जोडले, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काकू कधी गेल्या? सांगायचं तरी राव."

मागून सूप हातात घेऊन आई बाहेर आली. तो बिचारा ओशाळून चपला शोधायला लागला, आणि आई हसली. पदर वर जायच्या आत ते हसू मी पाहिलं. कागदावर त्यातलं काहीसुद्धा नव्हतं. लाज आणि राग एकदमच आला, आणि मी चित्र फाडायला हात घातला.

"फाडू नको," आई म्हणाली. जवळ जाऊन तिनं नव्या डोळ्यांनी ते निरखलं. "नाक बराबर हाय. फकस्त बोलंना ही. राहू दे, ऐन टायमाला फोटोसाठी पळापळ नको."

आई मागच्या थंडीत गेली. पळापळ झाली नाही. चित्र पाटावर ठेवलं, हार घातला. तो गावचा माणूसही आला, चपला काढून हात जोडून उभा राहिला. एकदा अंगणात ठेवलेल्या आईकडं, एकदा चित्राकडं बघून म्हणाला, "हुबेहूब हायेत काकू."

सगळेच तसं म्हणत होते. याच शब्दासाठी मी आयुष्यभर तडफडलो होतो. त्या दुपारनंतर मी चित्रातली एक रेघसुद्धा बदलली नव्हती. आईच चित्रासारखी झाली होती.