एकादशीला तापलेली गाडी

मी फौजेत गाड्या दुरुस्त करायचो. ट्रेड व्हेईकल मेकॅनिक, रँक हवालदार. सगळ्या नोकरीत शत्रूवर एक गोळी झाडली नाही. माझी भांडणं रेडिएटरशी, बॅटरीशी आणि थंडीत गोठलेल्या डिझेलशी. हे सांगितलं की साताऱ्यातली पोरं हिरमुसतात आणि दुसऱ्या एखाद्या माजी सैनिकाकडे वळतात. आमच्याकडे माजी सैनिकांना काही तोटा नाही.

पहाडातल्या पोस्टिंगला माझ्याबरोबर नाईक हणमंता होता. म्हसवडचा, बिनलग्नाचा, ड्रायव्हर. चढावर ट्रकशी बैलाशी बोलावं तसं बोलायचा. दसऱ्याला युनिटमध्ये हत्यारांची आणि गाड्यांची पूजा होई. त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे एकादशीला, आमचा कॉन्व्हॉय निघणार होता. निघण्याआधीची ऑर्डर ठरलेली: सगळ्या गाड्यांचे हार उतरवा. हणमंताने हार उतरवला. त्याला तो टाकवेना. बंद पडलेल्या गाड्या ओढायची माझी रिकव्हरी गाडी सगळ्यात मागे असायची, तिथे चालत आला आणि खिडकीतून हार माझ्या हातात दिला.

"शंकऱ्या, धर. म्होरं पोचलो की माघारी दे."

घाटात दरड कोसळली. धूळ बसायच्या आत रेडिओवर आवाज आला, "नंबर चार दिखाई नहीं दे रहा. रिकव्हरी, आगे आओ. ओव्हर." नंबर चार हणमंताची गाडी होती. हार माझ्या डॅशबोर्डवर सुकला. परत मागायला तो आला नाही.

शवपेटीबरोबर म्हसवडला मीच आलो. त्याच्या आईने, आक्काने, शेवटचा दिवस खोदून खोदून विचारला. मी सांगितला, हार उतरवल्याचंही सांगितलं. "हार उतरवला, तितंच घात झाला," एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून दर दसऱ्याला मी साताऱ्याहून म्हसवडला जातो. आक्का माझ्या गाडीची पूजा करते, हार बांधते, आणि तो हार मी परत साताऱ्याला पोहोचेपर्यंत काढत नाही. मेकॅनिकला हे पटत नाही. पण आक्कापुढे मी मेकॅनिक नसतो.

यंदा काम निराळं होतं. आक्काच्या हृदयाच्या नळीत अडथळा निघाला होता. चार पावलं चालली की ती भिंत धरायची. सांगलीच्या दवाखान्यात स्टेंट टाकायचा ठरला. तो टाकणारे डॉक्टर महिन्यातून एकदाच यायचे आणि त्यांचा दिवस आला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. दुपारच्या आत भरती व्हा, म्हणाले. पुढच्या महिन्यापर्यंत थांबू नका, हेही तेच म्हणाले. एकादशी म्हणजे हणमंताची तिथी. आक्का नकोच म्हणत होती. मी म्हटलं, "उपाशी पोटी बोलावलंय. तुझा उपास आयताच हाय." तेव्हा हसली आणि कबूल झाली.

दसऱ्याला तिने गाडीची पूजा केली. इंजिनालाही हळदकुंकू लावायचं म्हणून मला बॉनेट उघडायला लावलं. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात तिने हार बांधून टाकला. संध्याकाळी सिद्धनाथाच्या देवळातून येताना गर्दीत गाडी रेंगाळली, तेव्हा तापमानाचा काटा जरा वर गेल्यासारखा वाटला. गर्दी आहे, म्हटलं, चालायचंच.

सकाळी गाडी सुरू करून ठेवली. आक्काचं घराला कुलूप, तुळशीला पाणी, शेजारणीला शेरडांचं बजावणं चाललं होतं. गाडी उभ्या उभ्या घुमत होती. काटा मधली रेघ ओलांडून वर निघाला. गरम रबराचा वास आला. मी इंजिन बंद केलं.

"शंकरा, का बंद केलीस?"

"तापलीया."

आक्का उंबऱ्यावर टेकली. "म्हंजी आज न्हाईच जायचं. म्या म्हनलं हुतं."

"थोडा येळ दे आक्का."

शेजारच्यांची गाडी देवदर्शनाला गेली होती. रुग्णवाहिकेला फोन लावला, ती दुसरा पेशंट घेऊन गेलेली. एसटीत बसवून एवढ्या लांब न्यायची तिची अवस्था नव्हती. दरड कोसळली त्या दिवशी निदान ऑर्डर द्यायला साहेब होते.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नसतं, वाफेने तोंड भाजतं. थांबलो. ते थांबणं फार जड गेलं. मग फडकं धरून हळूच उघडलं. कूलंट काठोकाठ. खाली गळती नाही. ऑइलची कांडी काढली, ऑइल स्वच्छ. त्यात पाणी शिरलं असतं तर ते दुधाळ दिसलं असतं. वरचा पाइप गरम, खालचाही गरम, म्हणजे पाणी फिरत होतं. मग राहिलं काय? काल मोकळ्या रस्त्यावर गाडी तापली नव्हती. तापली ती गर्दीत, आणि आज उभी असताना. पळत्या गाडीला वारा मिळतो. उभ्या गाडीला पंख्याशिवाय कुणी नाही.

इंजिन सुरू करून एसी लावला. पंखा लगेच फिरायला हवा. फिरला नाही. फ्यूज पाहिला, जळलेला. डबीच्या झाकणात एक जादा होता, तो बसवला. तोही गेला.

फ्यूज दुसऱ्यांदा जातो तेव्हा दोष फ्यूजचा नसतो. पंख्याला काहीतरी अडवत होतं. चावी काढून घेतली, बॅटरीची वायर सोडली आणि टॉर्च घेऊन आत वाकलो. पंख्याच्या आसाभोवती भगव्या नायलॉनच्या दोऱ्याचे घट्ट वेढे पडले होते. दोऱ्याचं दुसरं टोक बॉनेटच्या आतल्या पट्टीला बांधलं होतं, गाठीवर गाठ. त्याच दोऱ्यात बाहेरचा झेंडूचा हार ओवला होता.

आक्काने हार कुणालाच सुटू नये असा बांधला होता. उरलेलं शेपूट रेडिएटरमागे सोडलं आणि पंख्याने ते ओढून घेतलं. फौजेत हार उतरवायची ऑर्डर याचसाठी असायची.

मनात आलं, तसंच निघावं, पळत्या गाडीला वारा आहेच. पण वाटेत भिवघाट, पुढे सांगलीची गर्दी. तिथे गाडी उकळली तर आक्काला रस्त्याच्या कडेला बसवून मी काय करणार होतो? कातर मागितली असती तर तिने विचारलं असतं. खिशातल्या चाकूने गाठी कापल्या. हार खाली उतरला. मग चिमट्याने आसाचे वेढे एकेक करून ओढले. पंखा बोटाने ढकलला, सुळकन फिरला. खिडक्यांच्या काचांच्या मोटरचा फ्यूज त्याच नंबरचा होता. बॅटरीची वायर जोडली, काचा खाली करून घेतल्या, तो फ्यूज काढून पंख्याला बसवला. इंजिन सुरू केलं. पंखा घुमला. तो आवाज ऐकून मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मागे वळलो तर आक्का उभी होती. नजर हारावर.

"काय केलंस?"

"दोरा पंख्यात गेला हुता आक्का. कापल्याबिगर गाडी निघंना."

"त्येच्यावानीच उतरवलास?"

"व्हय."

"मंग म्या बसत न्हाई ह्या गाडीत."

इतक्या वर्षांत मी तिच्याशी वाद घातला नव्हता. त्या दिवशी घातला. "हणमंतानं हार उतरवला म्हनून त्याची गाडी शेवटपातूर नीट चालली. दरड वरनं आली, आक्का. गाडीनं त्याला दगा दिला न्हाई, आन् त्येनं गाडीला दिला न्हाई. आता तू नगं म्हनलीस तर मी त्येला काय तोंड दावू?"

तिला धाप लागली होती. मग भिंत धरत आली, हार उचलला, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली.

"ह्यो माझ्या मांडीवर ऱ्हाईल," म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसली.

दिघंची गेली, आटपाडी गेली. माझं निम्मं लक्ष रस्त्याकडे, निम्मं काट्याकडे. काचा वर होत नव्हत्या. वाऱ्याने झेंडूच्या पाकळ्या गाडीभर उडत होत्या. आक्का डोळे मिटून होती. मधूनमधून मी तिचा श्वास चालू आहे ना बघत होतो. भिवघाटात एका लादलेल्या ट्रॅक्टरमागे अडकलो. काटा सरकला. पंखा घुमला, काटा जागेवर आला. तासगावपासून पुढे मी देवाशी बोललो नाही, पंख्याशीच बोललो.

दुपारच्या आत पोहोचलो. तिला आत न्यायची वेळ झाली. स्ट्रेचरवरून तिने हार माझ्याकडे केला.

"धर. भायेर आले की माघारी दे."

हणमंताचे ते शब्द मी तिला कधीच सांगितले नव्हते. दार बंद झालं. बाकावर बसवेना. हार हातात धरून मी दारासमोर तसाच उभा राहिलो. एका वॉर्डबॉयने, "काका, तो हार बाहेर ठेवा," म्हटलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे निघून गेला. एकच भीती होती: हाही हार माझ्याकडेच सुकणार.

दार उघडलं. आक्काचे डोळे उघडे होते. चेहरा पांढरा, पण डोळे माझ्या हातांवर.

"आण हिकडं."

मी दिला. तिने बोटांनी चाचपला. "निम्मी फुलं कुठं गेली रं?"

"काचा उघड्या हुत्या, आक्का."

"ऱ्हाऊ दे. हणमंताला चालतंय तेवढं."

दवाखान्यातून सोडल्यावर तिला म्हसवडला नेलं. हणमंताचा फोटो भिंतीवर उंच होता, तिला हात वर करायची मनाई होती. म्हणून हार मीच घातला. पहाडातला हार त्याला परत देता आला नव्हता. हा दिला.