वाहून गेलेला वळणरस्ता

मी नाशिकची, नर्सिंग शिकलेली बाई. कुणाच्या अंगात आलं की मी आधी थर्मामीटर काढायचे. त्यामुळे हे वाचून कुणाला हसू आलं तर माझा राग नाही... दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलेच असते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कळवणच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका पाड्यावर मी उपकेंद्रात सिस्टर होते. पाडा आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये नदी. आदल्या पावसाळ्यात पुराने जुन्या पुलाचा मधला भाग नेला होता. नव्या पुलाचे नुसते खांब उभे होते आणि दोन्ही काठांचा पोचरस्ता अर्धवट भरलेला. तोवर जा-ये करायला ठेकेदाराने शेजारी नदीत पाईप टाकून, वर मुरूम दाबून वळणरस्ता केला होता. पाणी वाढलं की तो बुडायचा, ओसरलं की पुन्हा वर यायचा.

त्या दिवशी दुपारी सुमन नावाच्या मुलीचं घरीच बाळंतपण झालं. मूल खणखणीत रडलं, पण वार पडेना आणि रक्त थांबेना. जवळ होतं ते इंजेक्शन दिलं, पोट चोळलं. एकामागून एक लुगडी भिजत होती. लसीकरणाची जीप नदीपलीकडे आलेली असणार, एवढाच आधार होता. बाळ आजीपाशी ठेवलं. गोधडीची झोळी बांबूला बांधली आणि सुमनचा नवरा काशिनाथ व त्याचा भाऊ यांनी ती खांद्यावर घेतली.

काठावर आलो. गढूळ पाणी दोन्ही थड्या धरून चाललेलं, वळणरस्त्याचा मागमूस नाही. पलीकडे कामावरचे सुपरवायझर देवरे दोन्ही हात हलवत होते — मागे फिरा, मागे फिरा. त्यांच्या पाठीमागेच जीप उभी होती... डोळ्यांना दिसत होती!

सुमनची नाडी हाताला लागेना. काशिनाथ म्हणाला, "सिस्टर, माघारी नेली तं वाचंल का?"

मला खोटं बोलता आलं नाही. "नाही," म्हटलं.

"मंग चला."

माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची, नाशिकला आईकडे. तिचा चेहरा समोर आला आणि तरी मी पाऊल टाकलं — का, ते आजही सांगता येत नाही. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. तिथेच थांबलं. पायाखाली टणक, सपाट... मी एका हाताने झोळी धरून चालत राहिले. पुढून-मागून दोघांचा श्वास ऐकू येत होता. म्हणजे पाण्याचा आवाज थांबला होता, हे मला पलीकडे पोचल्यावर कळलं.

देवरे मटकन खाली बसले. सुमनला जीपमध्ये चढवलं, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"बाई, वळणरस्ता बारा वाजताच वाहून गेला. माझ्या डोळ्यांदेखत गेला. मधे दोन पुरुष पाणी आहे."

मी खाली पाहिलं. माझी साडी गुडघ्यापर्यंतच ओली होती.

सुमन वाचली. गर्भपिशवी काढावी लागली, पण वाचली. चार दिवसांनी पाणी उतरल्यावर मी मुद्दाम नदीवर गेले. वळणरस्त्याच्या मधे मोठं भगदाड होतं आणि पाईप कुठच्या कुठे खाली पडलेले. देवरे माझ्याशेजारी उभे राहिले. त्यांनी साहेबांना काही कळवलं नव्हतं, कळवणारही नव्हते. काशिनाथला विचारलं, तर तो म्हणाला की त्याने डोळे मिटूनच नदी ओलांडली.

सुमन पाड्यावर परतल्यावर तिला बघायला गेले. ती बाळाला पाजत बसली होती. त्या दिवशी एवढ्या पाण्यातून आणताना तू घाबरली असशील, असं मी म्हणाले. तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं.

"पाणी कुठं व्हतं, सिस्टर? आपुन तं नव्या पुलावरून आलो ना."

नव्या पुलाचे तेव्हा नुसते खांबच होते, वरचा स्लॅब पुढच्या उन्हाळ्यात टाकला. हे मी तिला सांगितलं नाही. ग्लानीत होती, भास झाला असेल, असं स्वतःला समजावत इतकी वर्षं काढली... पण मी तर ग्लानीत नव्हते. मग मी कशावरून चालले?