रेघेखाली राहिलेलं शिखर

रुद्राणीला खोटं पचत नाही. लहानपणी गडहिंग्लजला शेजारच्या रानातल्या शेंगा खाल्ल्या, तरी संध्याकाळी आपणच घरी सांगायची आणि धपाटे खायची. अशी पोर संशोधनात पडली. विज्ञानाचं भलं झालं, तिचे मात्र हाल झाले.

कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेत ती मिरचीतला मर रोग सोसणारा जनुक शोधत होती. झाडं लावायला तिच्या अप्पांनी, म्हणजे वडील ईरप्पांनी, माळाचं अर्धा एकर रान दिलं. रोपांच्या जनुकांचा आलेख निघाला तेव्हा एका जागी असं शिखर उठलं, की बघत राहावं; जनुक तिथंच असणार. हरखून तिनं फोन केला आणि अप्पांनी गावभर पेढे वाटले.

खरी परीक्षा पुढंच होती. कुठलं झाड जगलं, कुठलं मेलं, ही माहिती संगणकानं पत्त्यांसारखी पिसायची, कुणाचंही नशीब कुणालाही लावायचं आणि पुन्हा शिखर शोधायचं. असं हजारदा. नुसत्या योगायोगानं केवढी उंची गाठता येते ते त्यातून कळतं. ती हजार शिखरं रुद्राणीनं आलेखावर मांडली, आणि शंभरातली पंच्याण्णव जिच्या खाली राहतात अशी लाल रेघ ओढली. तिचं स्वतःचं शिखर रेघेच्या दोन बोटं खाली राहिलं.

"नव्वदावर ओढ की रेघ," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "करतात लोक."

करतात, यात खोटं काही नाही. पण पंच्याण्णव तिनंच आधी ठरवले होते. तिनं नकारार्थी मान हलवली आणि अप्पांना बोलावून घेतलं. फोनवर सांगायची तिची छाती झाली नाही.

एसटीनं अप्पा आले, स्टुलावर बसले. तिनं सगळं दाखवलं.

"म्हंजे उगंच पिसलं तरी एवढं वर येतंय?"

"हजारात सत्तर वेळा येतंय, अप्पा. आपलं खरं असंल बी. पण झाडं कमी पडली. आत्ताच छातीठोक सांगता येत न्हाय."

अप्पांनी पडद्यावरच्या लाल रेघेवर बोट ठेवलं. त्या पेढ्यांवरून पारावरची मंडळी त्यांना वर्षभर सोलणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. रुद्राणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गावात मी सांगतो," ते म्हणाले. "पेढं मी वाटलं, तू न्हाय. तू रेघ हलवू नको."

मग दारात चप्पल चढवत म्हणाले, "औंदा वड्याकडचा ऊस तुटला की खोडवा ठेवत न्हाय, मुळासकट काढून टाकतो. ती सगळी पट्टी तुझ्या मिरचीला घे."

त्या उसावरच घर चालत होतं. रुद्राणी नको म्हणाली, परत म्हणाली. अप्पा तोवर जिना उतरून गेले होते.