दिनकरच्या फ्रिजमागचा टॉवेल

फोन आला तेव्हा मी इंदिरानगरातल्या एका मंगल कार्यालयात भाचीच्या लग्नाच्या पंगतीत बसलो होतो. सुरगाण्याकडचा कुणी जीपवाला बोलत होता. ‘मिनीबसच्या काचेवर तुमचा नंबर लिवलाय. आतले बाबा झोपलेत, पण उठत नाय. लय हाका मारल्या.’ दुपारचे तीन वाजले होते, बाहेर अवकाळी कोसळत होता आणि माझ्या हातात जिलेबी होती... त्या पाकानं चिकट झालेली बोटं मी त्यानंतर किती वेळा धुतली असतील, पण ती स्वच्छ झाली असं अजून वाटत नाही.

दिनकर माझा शाळेपासूनचा मित्र. जन्मभर आयटीआयत पोरांना फिटरकाम शिकवलं, स्क्रू ढिला दिसला तर लग्नघरातसुद्धा खिशातून पेचकस काढणारा माणूस. आणि त्याच्या दहाव्याला लोक काय बोलत होते? ‘झोपेत गेला, पुण्यवान हो!’ आणि पुढच्याच घोटाला, त्याच्याच घरचा चहा पीत, ‘एवढा मास्तर माणूस, पण बेपर्वाई नडली.’ शी! गाडीतल्या गॅसच्या फ्रिजचा विषारी धूर आत कोंडला, मागची हवेची जाळी बंद होती, असं पोलिसांनी लिहून घेतलं. जाळी त्यानंच बंद केली असणार, हे लोकांनी आपापलं ठरवून टाकलं. दिनकरची बायको, सुमनवहिनी, सगळं ऐकत होत्या. मीही ऐकत होतो, आणि चहा पीत होतो. लोकांची किळस येते म्हणतो खरा, पण त्या मांडवात सगळ्यात घाणेरडा माणूस कोण होता, ते मला ठाऊक होतं.

निवृत्त झाल्यावर दिनकरनं शाळेची एक जुनी मिनीबस घेतली. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सगळं स्वतःच्या हातानं केलं. फ्रिज भंगारवाल्याकडून आणला, तो विजेवर नव्हे, गॅसवर चालणारा. मागे बोटभर ज्योत जळते आणि पुढे बर्फ होतो, हे मला कधी पटलंच नाही. ‘आगीवर बर्फ? अरे, थापा मारतोस का?’ म्हटलं की तो शाळकरी पोरासारखा खूश व्हायचा, पालथा झोपून बारीकशा काचेतून ज्योत दाखवायचा. ‘निळी आहे तोवर काळजी नाही, सुध्या. पिवळी झाली म्हणजे हवा कमी पडतेय. मग आधी बंद करायचा आणि बाहेर पळायचं.’ गाडी सोडून जाताना फ्रिज पेटता ठेवायचा नाही, हा त्याचा दंडक होता. वैताग यायचा मला. दोन तास देवळात जायचं तरी हा गॅस बंद करणार, आणि आल्यावर दही कोमट!

साल्हेर किल्ल्याला गेलो तेव्हा मीच हट्टाला पेटलो. सटाण्यात थांबून मी दीड किलो सुरमई घेतली होती. ‘दिवसभर गड चढायचा आणि मासे काय उन्हात ठेवायचे? राहू दे चालू. काही होत नाही रे!’ हे माझं आवडतं वाक्य. दिनकरनं नाइलाजानं मान डोलावली. संध्याकाळी उतरलो, दार उघडलं आणि असा भपकारा आला की मी तिथंच ओकलो. वाऱ्यानं ज्योत विझली होती. गॅस आपोआप बंद झाला होता म्हणून गाडी शाबूत होती, पण मासळीचं जे झालं होतं ते लिहायला नको. दोघं नाकाला रुमाल बांधून फ्रिज घासत बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच नको म्हणून मी फ्रिजमागच्या प्लायवूडचे चार स्क्रू काढले आणि हवेच्या खालच्या जाळीत माझा हिरव्या काठाचा टॉवेल कोंबला. वारा बंद. तासाभरानं ज्योत पिवळी दिसली. दिनकर चिडला, फ्रिज बंद केला. ‘आधी तो बोळा काढ.’ ‘आता परत स्क्रू खोलू? घरी गेलो की काढतो.’

घरी आलो आणि विसरलो. गाडी दोन महिने उभी होती. दिनकरनं जाळीला बाहेरून पत्र्याचा छानसा आडोसा केला, आता वाऱ्याची भीती नव्हती. भाचीच्या लग्नाच्या आदल्या सकाळी तो एकटाच सुरगाण्याला निघाला, निघताना फोन केला. ‘सुध्या, मागचा टॉवेल काढलास ना रे?’ माझ्याकडे आचारी, मांडववाला, पाहुणे... ‘काढला, काढला!’ म्हणालो. मी आठवूनसुद्धा पाहिलं नाही. चार स्क्रू त्यालाही खोलता आले असते, पण माझा शब्द होता ना. पाऊस लागला तशा त्यानं खिडक्या लावल्या आणि जेवून, फ्रिज चालू ठेवूनच आडवा झाला.

गेल्या आठवड्यात वहिनींचा निरोप आला म्हणून गेलो. त्यांनी एक घडी हातात दिली, हिरव्या काठाची. ‘भाऊजी, तुमचा टॉवेल राहिला होता गाडीत. सामानाबरोबर आला. दोनदा धुतला, पण कोपऱ्याचं काळं जात नाही.’ इस्त्रीसुद्धा केली होती हो! मग मला राहवलं नाही. सुरमईपासून फोनपर्यंत सगळं सांगितलं. मी म्हणालो, ‘मला शिव्या द्या.’

‘शिव्या देऊन काय होतंय,’ त्या म्हणाल्या. ‘लोक त्यांना बेपर्वा म्हणतात, तेव्हा तुम्ही इथं बसून चहा प्यायलात. आता लिहा. नाव घालून, सगळ्यांना वाचता येईल असं लिहा.’

म्हणून हे लिहिलं. दिनकर बेपर्वा नव्हता. त्यानं विचारलं होतं आणि मी, सुधाकरनं, खोटं सांगितलं होतं.

निघताना टॉवेल मी चुकून खुर्चीवरच ठेवला. वहिनींनी दारातून हाक मारली, ‘तो घेऊन जा. तिसऱ्यांदा मी धुणार नाही.’