आईचा चक्का आणि आईचे डोळे

आईच्या मते इस्राएल सरकारने आम्हाला दिलेली सर्वात उपयोगी वस्तू म्हणजे गळकी नळी. डिमोनातल्या आमच्या इमारतीखाली नगरपालिकेने कधीतरी गुलाब लावले होते आणि त्यांच्या मुळाशी थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या काळ्या नळ्या घातल्या होत्या. गुलाब वाळवंटाला कंटाळून गेले. नळ्या राहिल्या, गळत राहिल्या, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला तिथे घोळ उगवू लागली. आम्ही सोडून आलो त्या अलिबागकडे परसात उगवायची तीच. लालसर देठाची, जाड पानांची, चवीला जराशी आंबट. माळी तिला तण समजून उपटायचा. आई माळ्याच्या आधी पोचायची.

मी तेव्हा बेर्शेबात नोकरीला होतो. सणाच्या आदल्या दिवशी बसने आईकडे यायचो आणि भाजी खुडायला तिच्याबरोबर खाली उतरायचो. माझा उपयोग पिशवी धरण्यापुरता. एकदा उत्साहाने मीही मूठभर खुडली, तर आईने ती हातात घेऊन एक देठ मोडला. पांढरा चीक आला.

"हे काय आणलंस? चीक आला की टाकायचं, किती वेळा सांगितलं?"

"दिसायला तर सारखीच आहे."

"तू दिसण्यावर गेलास, म्हणून तर असा राहिलास."

असा म्हणजे कसा, हे मी पन्नाशी आली तरी विचारलेलं नाही.

त्या वर्षी मात्र माझ्या लक्षात आलं की आई खाली बघतच नाहीये. चेहरा समोर, रस्त्याकडे. बोटं जमिनीवर चाचपतायत, पान चुरगळतायत, देठ मोडतायत. भाजी बिनचूक येत होती, पण डोळ्यांचं त्यात काही काम नव्हतं.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. डॉक्टरांनी बेर्शेबाच्या इस्पितळात ऑपरेशन सांगितलं होतं आणि आईने "बघू" म्हटलं होतं, आणि तिच्या "बघू"चा अर्थ आम्हाला पाठ होता. माझी धाकटी बहीण यरुशलेमला नर्स आहे. तिने फोनवर निकाल देऊन टाकला होता: एक तर ऑपरेशन, नाही तर हे घर बंद करून माझ्याकडे चल. आई म्हणाली, "यरुशलेमला देवाचं घर आहे. माझं डिमोनात आहे." तेव्हा बहीण म्हणाली, शावुओतला येते, दोन दिवस राहते, तू कशी वावरतेस ते बघते, मग ठरवू.

शावुओत म्हणजे आम्हा ज्यूंचा दूधदुभत्याचा सण. आईने कंबर कसली. आदल्या रात्री दोन पातेल्यांतलं दही फडक्यात बांधून खिडकीच्या कडीला टांगलं. निम्म्या चक्क्याचं श्रीखंड व्हायचं, निम्म्यात मीठ, लसूण आणि चिरलेली घोळ घालून चपातीबरोबर. शेजारची मोरोक्कन बाई त्या दुसऱ्या प्रकाराला लबने म्हणायची. आई म्हणायची, म्हणू दे, चक्का तो चक्काच.

बहीण दुपारी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तपासणी सुरू.

"आई, घड्याळात किती वाजले?"

"का, तुला परत जायची घाई आहे?"

"भिंतीवरच्या कॅलेंडरवर काय लिहिलंय?"

"गेल्या महिन्यात लिहिलं होतं तेच."

"दाय, इम्मा. पुरे झालं. नीट सांग."

"मराठीत विचार, मग सांगते."

खरं सांगतो, आई जिंकत होती. चहा एक थेंब न सांडता ओतला. सुई मागितली तर पहिल्या खेपेला काढून दिली. बहिणीचा चेहरा सैल पडू लागला होता. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि टांगलेल्या चक्क्याकडे माझं लक्ष गेलं.

फडक्याची किनार लाल होती.

आमच्या धर्मात मटण आणि दूध एकत्र येत नाही. भांडी वेगळी, खण वेगळे, फडकीसुद्धा वेगळी. दुधाच्या फडक्यांना आईने स्वतः निळी किनार शिवली होती आणि मटणाच्या फडक्यांना लाल. लाल किनारीच्या या फडक्यात मटणाच्या सुपातली मसाल्याची पुरचुंडी बांधली जायची. रब्बीला, म्हणजे आमच्या धर्मगुरूला, विचारलं असतं तर त्याने धुतलेलं आहे, थंड आहे म्हणून काही वाट काढूनही दिली असती. आईने या बाबतीत आयुष्यात कुणाला सूट दिलेली नव्हती.

बहिणीला सांगावं, तर आईचं घर गेलं. न सांगावं, तर संध्याकाळी आईच्याच हाताने सगळ्यांच्या ताटात ते पडणार. मी फार विचार करणारा माणूस नाही. चक्क्याची पुरचुंडी कडीवरून काढली आणि हातातून सोडली, खिडकीबाहेर. दोन मजले खाली गळक्या नळीजवळ धप्प आवाज झाला.

दोघी धावत आल्या.

"हात घसरला," मी म्हणालो.

बहीण म्हणाली, "दादा, तू म्हणजे ना, लहानपणापासून..." आणि कपाळाला हात लावला. तिला जराही शंका आली नाही. इतक्या वर्षांच्या धांदरटपणाने कमावलेली पत एका दिवसात कामाला आली. मी खाली धावलो आणि पुरावा कचऱ्याच्या डब्यात टाकला.

सणाच्या ताटात त्या संध्याकाळी मुगाची डाळ घातलेली घोळीची भाजी, चपाती आणि दुकानातलं कसलं तरी गिळगिळीत चीज होतं. आई ताटं उचलताना स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली.

"किनार लाल होती का रे?"

"आई, हात घसरला म्हटलं ना."

"तुझा हात घसरतो, मला ठाऊक आहे. मी किनार विचारतेय."

मी ताट पुसत राहिलो. आईने माझ्या हातातलं ताट काढून घेतलं.

"होती," मी म्हणालो.

ती ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली, जणू तिथेही किनार शोधत होती.

"पडले असते, हात भाजला असता, तरी मी कुणाला बोलले नसते," ती म्हणाली. "पण माझ्या हाताने तुम्हाला ते वाढलं असतं."

मग पदराला हात पुसून बाहेर गेली. बहीण सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती.

"ते बेर्शेबाचं ऑपरेशन," आईने विचारलं, "दोन्ही डोळे एकदम करतात की एकेक?"

बहीण तिच्याकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

"एकेक," ती म्हणाली. "आधी एक, मग थांबून दुसरा."

"मग आधी उजवा सांग. फोडणीकडे मी उजव्यानेच बघते."