तोंड दिसलं की समजतं: नवागामच्या दवाखान्याची जागा बघताना

धुळे ते सुरत एसटीचं भाडं तीनशेच्या आसपास. पण मला या फेरीची खरी किंमत पडली ती अशी: साक्रीच्या कामाचा स्लॅब लांबला, सेंट्रिंगवाला रुसून दुसऱ्याच्या कामावर गेला आणि महिनाभर मन लावून काढलेला एक नकाशा फाडावा लागला.

बोलावणं नानांचं. नाना मूळ आमच्याच बाजूचे. सुरतेत अर्धं आयुष्य कापडाचे लूम चालवले, आता तिथल्याच नवागामात किराणा दुकान आहे. खानदेशातून आलेल्या कामगारांसाठी चार लोक जमवून त्यांनी भाड्याच्या दोन खोल्यांत धर्मादाय दवाखाना सुरू केलाय. आता गल्लीच्या टोकाला हक्काची जागा मिळाली. इमारत कशी असावी, ती पुढे स्वतःच्या पायावर कशी चालावी, हे सांगायला आर्किटेक्ट परवडत नव्हता. मी परवडलो. घमेली उचलत ठेकेदार झालेला माणूस स्वस्तात पडतो.

नवापूरपुढे रस्ता चांगला आहे. सोनगडला चहा घ्या, बारडोलीजवळ उसाच्या गाड्या आडव्या येतात तेव्हा घाई करू नका. ट्रेनने येणार असाल तर सुरतऐवजी उधन्याला उतरा, नवागाम तिथून जवळ.

नानांकडे कळण्याची भाकरी आणि ठेचा. सुरतचा लोचो उद्या नाश्त्याला खा, आज घरचं, म्हणाले. जेवणानंतर मी नकाशा पसरला. छतावर सोलर, पावसाच्या पाण्याची टाकी, पुढच्या गाळ्यात औषधाचं दुकान आणि त्याच्या भाड्यातून सिस्टरचा पगार. मागच्या बाजूला लिंबाचं झाड आहे, म्हणून पेशंटची बाकं झाडाकडे तोंड करून. आजारी माणसाला जरा हिरवं दिसावं.

"नाना, या दारातून आत आलेला माणूस तपासल्याशिवाय परत जाणार नाही. लिहून ठेवा."

नाना माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, भारावले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जुन्या दवाखान्यात बसलो. भिंतीपलीकडे लूमची खटखट सुरूच. सातला पाळी बदलते, त्यामुळे रात्रपाळीवाले आधी येऊन रांग धरतात. त्यात सुकदेव नावाचा एक वाळलेला माणूस होता, सारखा खोकत होता. बायको मंगलाबाई शेजारी, पण ती औषधाच्या खिडकीकडे गेली आणि नेमका तेव्हाच सिस्टरने पुकारा केला. सुकदेव खाली मान घालून बसलेला.

"तीनदा नाव घेतलं, आता काय बँड लावू?" म्हणत सिस्टरने पुढचा पेशंट आत घेतला. बाकावरचे दोघेतिघे हसले. सुकदेव बाकीचे हसले म्हणून हसला.

सात वाजत आले तसा तो उठून चपला शोधायला लागला. कामावर उशिरा गेलं की खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. मी मंगलाबाईला विचारलं, नाव पुकारलं तर हा ओ का देत नाही?

"जिभाऊ, त्यास्ले ऐकू येत नही," ती म्हणाली. "तोंड दखाडं का समजस."

तोंड दाखवलं की समजतं. माझे कान तिखट आहेत असं सगळे म्हणतात. या गल्लीत सगळे मोठ्याने बोलतात हे मी आल्यापासून ऐकत होतो, आणि मला ती सवय वाटली होती. लूमने कान नेलेत, नानांचेसुद्धा.

मी सिस्टरला सांगून सुकदेवला आत घेतलं. डॉक्टर भला माणूस. पण तोंडावर मास्क, पाठीमागे खिडकी, चेहरा काळोखात.

"खोकल्यातून रक्त पडतं का?"

"हो."

"म्हणजे पडत नाही ना?"

"हो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग मंगलाबाई उजेडात उभी राहिली आणि तोच प्रश्न तिने सावकाश, ओठांनी विचारला. सुकदेवने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "पडस." पडतं. तिला हे माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायला लिहून दिलं. सकाळीच जा, म्हणाले.

परतायच्या आधी मी नवा नकाशा काढला. बाकं डॉक्टरांच्या दाराकडे तोंड करून, दारावर नंबर आला की पेटणारा दिवा. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर उजेड पडेल अशी खिडकी, आणि डॉक्टर-पेशंटच्या मध्ये काच, म्हणजे मास्क काढता येईल. लिंबाचं झाड पाठीमागे गेलं. नानांनी कागद उलटसुलट बघून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

घरी येऊन महिना झाला. लोक विचारतात, सुरतेत काय बघितलं? मी आता बोलताना तोंडासमोरून हात बाजूला घेतो, एवढंच. परवा नानांचा व्हॉट्सअॅप आला, पाया खणायला घेतलाय. मी सुकदेवचं विचारलं. रात्रपाळी करून सकाळी एक्स-रेच्या रांगेत उभं राहायचं तर झोप नाही, आणि झोप नाही तर रात्री खाडा. एक्स-रे अजून काढलेला नाही.

माझ्या नकाशात एक्स-रेची खोली नाही.